फिरंगी किल्ल्यातली संकष्टी

किल्ला म्हटला की मराठी माणसाच्या पोटऱ्या दुखू लागतात आणि पाठोपाठ त्याला भूक लागते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की या दोन संवेदनांचा परस्परसंबंध एखाद्या वैद्याने शोधून काढावयास हरकत नाही. लहानपणापासून आम्ही जे गड चढलो ते इतिहासाच्या ओढीने चढलो असे शाळेच्या निबंधांतून लिहीत आलो. परंतु खरे सांगावयाचे तर सिंहगडाच्या माथ्यावर एखाद्या झोपडीत सारवलेल्या जमिनीवर मांडी ठोकल्यानंतर पिठले, भाकरी, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा आणि मडक्यातले दही एवढा ऐवज समोर आला म्हणजे तानाजी मालुसऱ्यांविषयीचा आदर जितका उचंबळून येतो, तितका तो कोणत्याही बखरीच्या वाचनाने येत नाही. किल्ल्यावरच्या जेवणाचे आमच्या मनात काही कायदे ठरून गेलेले आहेत. ते घाम गाळल्यावाचून मिळू नये, बसावयास खुर्ची असू नये, वाढणारी बाई ‘घ्या की अजून, लाजताय काय’ असे दटावणारी असावी, आणि हिशेब बोटांवर व्हावा. या चारही कायद्यांचा एकाच रात्री भंग करणाऱ्या एका किल्ल्यात जेवण्याचा योग मला उतारवयात आला, आणि तोही अशा शत्रूच्या मुलुखात, की ज्याच्याकडून आमच्या चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकून घेतली होती.

आमचे चिरंजीव नोकरीच्या निमित्ताने पोर्तुगालात लिस्बनला असतात. आमच्या लग्नास चाळीस वर्षे झाली म्हणून त्यांनी आम्हां उभयतांस तिकडे बोलावून घेतले आणि लिस्बनच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या ओबिदुश नावाच्या गावी, तेथील प्राचीन किल्ल्यात, एका रात्रीचा मुक्काम आणि रात्रीचे जेवण अशी भेट आम्हांस दिली. भेट उत्तम होती; परंतु ती ठरविताना चिरंजीवांनी सर्व काही पाहिले आणि पंचांग तेवढे पाहिले नाही. गाडीत बसल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी पिशवीतून घडी घातलेली दिनदर्शिका काढली, तिच्यावर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, “अहो, आज संकष्टी आहे.” मी तत्काळ तोड सुचविली. मुंबईचा चंद्रोदय साडेदहाच्या सुमाराचा छापलेला आहे. इकडचे घड्याळ साडेचार तास मागे आहे. म्हणजे इकडच्या सहाला मुंबईत चंद्र उगवलेलाच असणार, तेव्हा त्या हिशेबाने सहाला उपवास सोडून आठ वाजता किल्ल्यात निर्वेधपणे जेवता येईल. “बाहेर लख्ख ऊन पडलेले असताना?” त्यांनी विचारले, आणि या एका प्रश्नाने माझे संपूर्ण ज्योतिर्गणित निकालात निघाले. जून महिना असल्यामुळे तेथे सूर्यच नऊपर्यंत मावळत नव्हता, आणि चंद्र साडेअकराच्या आत दर्शन देणार नाही, असे चिरंजीवांनी मोबाइलमध्ये पाहून सांगितले. चाळिसाव्या वर्षाचे जेवण अशा रीतीने एकाने जेवावयाचे आणि दुसऱ्याने पाहावयाचे, असे ठरले.

ओबिदुश हे गाव म्हणजे तटाच्या कोंदणात बसविलेली पांढरी घरे, आणि त्या घरांच्या टोकाला उंचावर किल्ला. ११४८ साली पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सु एन्रिकिश याने हे ठाणे मूर लोकांपासून घेतले. राजाचे नाव ऐकताच माझ्या तोंडाला पाणी सुटले, त्यात माझा दोष नाही. ज्याच्या नावावरून आमच्या आंब्यास हापूस म्हणू लागले तो आफोन्सु दि आल्बुकर्क निराळा, आणि तो साडेतीनशे वर्षांनी पुढे झाला, हे मला ठाऊक होते. परंतु जिभेला इतिहासाची सनावळी पाठ नसते. पुढे १२८२ साली राजा दिनिश याने हे संपूर्ण गाव आपली राणी इझाबेल हिला लग्नाची भेट म्हणून देऊन टाकले, आणि तेव्हापासून ते राण्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाऊ लागले. लग्नकार्यात भांडीकुंडी न देता गावेच देण्याची ही खोड त्या दरबारास चांगलीच जडलेली असावी. कारण १६६१ च्या तहाने त्यांनी आपली राजकन्या इंग्लंडच्या राजास देताना आंदणात आमची मुंबई घालून टाकली, आणि त्या जावयाने ती १६६८ साली सालीना अवघ्या दहा पौंडांच्या खंडाने कंपनी सरकारास देऊन टाकली. ज्या मुंबईत आमच्या चिरंजीवांस दोन खोल्यांची जागा परवडेना म्हणून ते लिस्बनला येऊन राहिले, ती मुंबई आंदणात देऊन टाकणाऱ्यांच्या मुलुखात आपण जेवावयास निघालो आहो, हा विचार मनात येऊन मला क्षणभर गहिवरून आले.

गावाच्या तटावरून फिरावयाची सुमारे दीड किलोमीटरची वाट आहे आणि तिच्या आतल्या बाजूस कठडा नाही. पाय घसरला तर मनुष्य थेट कोणाच्या तरी परसात जाऊन पडावा. ते पाहून सौभाग्यवतींस परमुलुखात आल्यासारखे वाटेनासे झाले. “अगदी आपल्या गडांसारखे आहे,” त्या समाधानाने म्हणाल्या. किल्ल्याच्या आत मात्र साम्य संपते. पोर्तुगालच्या सरकारने १९४२ पासून ‘पोझादा’ या नावाची उतारशाळांची एक मालिका सुरू केली, आणि १९५१ मध्ये या किल्ल्याचेच पोझादात रूपांतर केले. जुन्या ऐतिहासिक वास्तूत थाटलेली ही पहिली पोझादा. सरकारी उतारशाळा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडील डाकबंगला, त्याचा झोपेतून उठलेला खानसामा आणि ‘साहेब, कोंबडी आणावी लागेल’ हे त्याचे सनातन वाक्य उभे राहिले होते. येथे तर दगडी भिंती, उंच खिडक्या, खिडकीखाली उतरत गेलेली शेते, आणि मेजावर इतकी पांढरीशुभ्र चादर, की तिच्यावर कोपर टेकवावयासही परवानगी काढावी असे वाटावे.

शिवकाळात किल्ल्याचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनौबत या तिघांच्या हाती असे, आणि कोठीचा हिशेब कारखानीस पाही. एकाच्याच हाती सत्ता राहिली तर किल्ला जाण्याचा धोका, म्हणून ही योजना. या किल्ल्यातही तीच व्यवस्था मला आढळून आली. दारापाशी एक मनुष्य वही घेऊन उभा होता. त्याने आमची नावनिशी ताडून पाहिली, तो सबनीस. दुसरा फक्त द्राक्षारसाच्या बाटल्यांविषयी बोलत असे व अन्य कोणत्याही विषयात लक्ष घालीत नसे, तो कारखानीस. आणि पांढऱ्या मिशांचा, किंचित पोक आलेला, ज्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा नुसता कल्पनेनेच लटकत होता, असा जो वृद्ध वाढपी आमच्या वाट्यास आला, तो निःसंशय हवालदार. सरनौबत मुदपाकखान्यात असावा. त्याचा आवाज तेवढा अधूनमधून ऐकू येई.

आम्ही बसतो न बसतो तोच हवालदाराने न मागता पाव, लोणी आणि ऑलिव्हची फळे आणून ठेवली. या आतिथ्याने मी सद्गदित झालो. सौभाग्यवतींस पाव चालणार नव्हता. तेव्हा अन्नाचा अवमान होऊ नये म्हणून दोघांच्या वाट्याचे लोणी आणि फळे मी एकट्याने संपविली, आणि पावाचेही यथाशक्ती कल्याण केले. चिरंजीव लिस्बनला परत जाण्यापूर्वी मला एक गोष्ट सांगून गेले होते, ती मला तेव्हा आठवली. या आगाऊ वाढलेल्या पदार्थांना तिकडे ‘कुव्हेर’ म्हणतात. ते परत पाठविले तर त्यांची किंमत पडत नाही. त्यांना हात लावला की ते हिशेबात चढतात. म्हणजे शिवले की बाटले, हा आमच्या आजीचा सोवळ्याचा नियम या लोकांनी अगदी शुद्ध स्वरूपात सांभाळला आहे. फरक इतकाच की आजी अंघोळ करावयास लावीत असे, आणि येथे पैसे द्यावे लागतात.

मग पदार्थांची याद आली. ती पोर्तुगीज भाषेत होती, आणि तिची इंग्रजी प्रतही आहे असे हवालदाराने सुचविले असता मी ती नाकारली. शत्रूची भाषा येत नसली तरी ते त्याला कळू देऊ नये, हा राजनीतीचा पहिला पाठ आहे. परंतु ती याद जसजशी वाचू लागलो तसतसा मी चकित होत गेलो. पहिलाच शब्द ‘पाव’. त्यांचा उच्चार जरा नाकातून आणि तोंड अर्धवट मिटून करावयाचा इतकेच. खाली ‘बटाटा’. त्याच्या खाली सूपात घातलेली ‘कोव्ह’, जिचा आपण कोबी केला. शेवटी फळांत ‘अननस’ तर जशाचा तसा, एक मात्राही न बदललेला. मी ते शब्द बोट ठेवून मोठ्याने वाचू लागलो, आणि एखाद्या परक्या गावच्या यात्रेत आपल्या आळीतली माणसे एकामागून एक भेटत जावीत तसे मला वाटू लागले. मग मागचेही आठवले. आमच्या कुलपाची चावी त्यांची, महिन्याचा पगार त्यांचा, तो संपल्यावर होणारा लिलाव त्यांचा, आणि लिलावानेही भागले नाही तर ज्यात जावे लागते तो तुरुंगही त्यांचाच. सामान्य मराठी संसाराचा आदि-मध्य-अंत ज्या भाषेने पुरविला, तिच्यात मला साधे पाणी मागता येत नव्हते.

सौभाग्यवतींचे मात्र एका शब्दाने काम झाले. “बटाटा,” त्यांनी हवालदारास सांगितले, आणि तो उद्गार इतका स्वच्छ होता की त्याने आदराने मान लवविली. कोणत्या रीतीचा, असे त्याने विचारले असावे. कारण त्याने उजव्या हाताची मूठ वळली आणि डाव्या तळहातावर हलकेच आपटली. आम्ही घाबरलो. पुढे त्याने मोडक्या इंग्रजीत खुलासा केला तो असा, की लहान बटाटे सालीसकट मीठ लावून भट्टीत भाजावयाचे, मग प्रत्येकास एक बुक्की मारून फोडावयाचे, आणि त्या भेगांत ऑलिव्हचे तेल आणि लसूण सोडावयाची. या पदार्थाचे नावच मुळी बुक्कीवरून पडलेले आहे. आमच्या गडावर कांदा फुटतो, त्यांच्या गडावर बटाटा फुटतो. परंतु दोन्ही ठिकाणी सुरीवर विश्वास नसलेली आणि मुठीवर असलेली जी एक प्राचीन जमात आहे, तिचे नाते मला तत्क्षणी पटले. लसूण नको, असे सांगून झाले. राहिला तेलाचा प्रश्न. ऑलिव्हचे तेल उपवासाला चालते की नाही, याविषयी धर्मशास्त्राने काही म्हटल्याचे मला स्मरेना. सौभाग्यवतींनी क्षणभर विचार करून निवाडा दिला, “फळाचेच तेल ना? मग चालेल.”

येथे मला न राहवून मी एक शंका काढली, आणि ती काढावयास नको होती. मी म्हटले, हा बटाटा अमेरिकेचा. मिरची, रताळे, शेंगदाणा हीही तिकडचीच. ज्या कसाव्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो दक्षिण अमेरिकेचा. आणि यांतील बहुतेक मंडळी या फिरंग्यांच्याच गलबतांतून आपल्या किनाऱ्यास उतरली. ज्यांच्या पाद्र्यांनी गोव्यात आपली देवळे पाडली, त्यांच्याच जहाजातला बटाटा आपण चतुर्थीला सोवळ्यात घेतला, आणि त्याच्याशेजारी बसून आलेला टोमॅटो मात्र उंबऱ्याबाहेर ठेवला, हा न्याय कोणता? सौभाग्यवतींनी फुटलेल्या बटाट्याचा एक घास शांतपणे खाल्ला. “बटाटा गरिबासारखा वागला,” त्या म्हणाल्या, “जिथे ठेवाल तिथे राहिला. टोमॅटो पहिल्यापासून लालबुंद.” या युक्तिवादास पूर्वमीमांसेत उत्तर असल्यास ते मला ठाऊक नाही.

मी स्वतः ‘बाकल्याव’ मागविला. तो म्हणजे खारवून वाळविलेला कॉड मासा, आणि त्यावर या लोकांची इतकी भक्ती आहे की तो वर्षाच्या दर दिवसाला एक अशा रीतींनी शिजविता येतो असे ते अभिमानाने सांगतात. विशेष हे, की तो त्यांच्या समुद्रात सापडत नाही; शतकानुशतके तो उत्तरेच्या गार पाण्यातून आणवितात आणि तरीही त्यास राष्ट्रीय अन्न मानतात. हवालदाराने रुपेरी झाकण उचलले, आणि वाफेबरोबर जो गंध आला त्याने मी पाच हजार मैल ओलांडून एकदम आमच्या कोकणातल्या ओटीवर जाऊन पडलो. हा तर सुक्या माशाचा वास! आमच्याकडे पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील नि खारा बांगडा भाजावयास घेतला म्हणजे शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी तो विषयही घरात काढीत नाहीत. तोच प्रकार येथे राजाच्या किल्ल्यात, मेणबत्तीच्या प्रकाशात, झाकणाखालून मिरवत येतो आणि लोक डोळे मिटून त्याचा वास घेतात. एक-दोन दिवस पाण्यात भिजवून मीठ उतरविल्यामुळे त्याचे मोठाले पदर सुटतात, आणि ते तेलात न्हालेले पदर खाताना मला आयुष्यात प्रथमच आमच्या बोंबलांविषयी अपराधी वाटले. त्यांच्यात काही उणे नव्हते. त्यांना एक किल्ला तेवढा मिळाला नाही.

यथावकाश ताळेबंद सादर झाला. आमच्या पूर्वजांनी परमुलुखातून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल केली. म्हणजे शेकडा पंचवीस आणि वर शेकडा दहा. त्या कागदावर खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की अन्नावरचा सरकारी कर शेकडा तेरा, आणि कारखानिसाच्या आग्रहावरून मी जो एक पेला द्राक्षारस घेतला होता त्यावरचा शेकडा तेवीस. म्हणजे सरदेशमुखीला तीन अधिक आणि चौथाईला दोनच कमी! वसईची बाकी एवढ्या वर्षांनी इतक्या चोख हिशेबाने वसूल होईल असे मला वाटले नव्हते. लोणी आणि ऑलिव्ह यांचीही नोंद होती. मी त्यांना शिवलो होतो. मी मुकाट्याने शरणागतीच्या कलमांवर सही केली. उठता उठता सौभाग्यवतींनी ताटलीत उरलेल्या चार बटाट्यांकडे आणि टोपलीतल्या दोन पावांकडे बोट दाखविले आणि हाताने गुंडाळल्याची खूण केली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. परंतु हवालदाराने एका शब्दानेही न विचारता ते कागदात बांधून दिले, इतकेच नव्हे तर पावांत आणखी एकाची भर घातली.

साडेअकराच्या सुमारास आम्ही किल्ल्याच्या अंगणात, एका बुरुजाच्या पायरीवर बसलो होतो. गाव निजले होते. पूर्वेकडे तटाच्या दातऱ्यांमागे प्रथम नुसते उजळले, मग दोन दातऱ्यांच्या फटीतून, कोणी दरवाजा किलकिला करून पाहावे तसा तांबूस चंद्र डोकावला. खाली कोठल्याशा चर्चमध्ये घंटेचा एक टोला पडला, आणि मला वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरची घंटा आठवली. वसईच्या मोहिमेनंतर तिकडच्या चर्चांतल्या घंटा आपण काढून आणल्या आणि आपल्या देवळांत टांगल्या. किल्ला घेतला, घंटा घेतल्या, विजय झाला, सारे खरे. परंतु आपण घंटा उतरवून आणीत होतो तेव्हा त्यांचा बटाटा, मिरची आणि पाव आपल्याकडे ठाण मांडून बसलेच होते, आणि त्यांच्यावर मोहीम काढण्याचे कोणत्याही पेशव्याच्या मनात आले नाही. त्यांची घंटा आपल्या देवापुढे वाजते आणि त्यांचा बटाटा आपल्या देवाच्या उपवासाला चालतो. हा तहनामा कोणी लिहिला नाही, म्हणूनच कोणी मोडलाही नाही.

सौभाग्यवतींनी पेल्यातल्या पाण्याने चंद्रास अर्घ्य दिले, खडीसाखरेचा नैवेद्य दाखविला, आणि मग पिशवीच्या तळातून ती वस्तू काढली की जिच्यावाचून त्या माहेरीसुद्धा जात नाहीत: लसणीच्या कोरड्या चटणीची डबी. बटाटे मुठीत कुसकरले, पाव उभा चिरावयास सुरी नव्हती म्हणून बोटांनीच उकलला, आत बटाटा भरला, वर चटणी भुरभुरविली आणि एक मला दिला. डाळीच्या पिठाचे आवरण नव्हते, तळणे नव्हते. परंतु पहिल्याच घासाबरोबर दादर स्थानकाबाहेरची गर्दी, वाफ आणि तेलाची कढई मला त्या फिरंगी बुरुजावर साक्षात दिसू लागली. चाळीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर आम्ही दोघांनी बाहेर मिळून खाल्लेला पहिला पदार्थ हाच होता, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखविले नाही.

इतक्यात दिवसाचे काम आटोपून तो वृद्ध हवालदार अंगणातून निघाला होता. आम्हांस पायरीवर जेवत बसलेले पाहून तो थबकला. सौभाग्यवतींनी तिसरा पाव उकलला, भरला, आणि ‘घ्या की, लाजताय काय’ असे शुद्ध मराठीत म्हणून त्याच्या हातात दिला. त्याने उभ्या उभ्या एक घास घेतला, चावला, डोळे विस्फारले, मिशीवरून हात फिरविला आणि आणखी एक घास घेतला. मग पावाकडे बोट दाखवून, याला तुम्ही काय म्हणता, असे त्याने खुणेने मला विचारले.

“बटाटा-पाव,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने माझा हात हातात घेऊन जोराने हालविला आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत मला प्रेमाने रागे भरला, की साहेब, इतके उत्तम पोर्तुगीज येत असताना जेवणाच्या वेळी सारा वेळ हातवारे कशाला करीत बसलात?